विमानाचें उतरणें : एक पाठ

विमान उडविणें अधिक कठीण, कीं उतरविणें अधिक कठीण? हा प्रश्न कोणा मुलास विचारला, तर "उडविणें" असें उत्तर तो बहुधा देईल. कारण एवढ्या जड वस्तूनें जमीन सोडून वर जावें, यांतच त्याला सारें नवल वाटतें. वैमानिकास विचारावें, तर तो उलट सांगेल. वर चढणाऱ्या विमानापुढें सारें आकाश मोकळें असतें. उतरणाऱ्या विमानास मात्र त्या अफाट आकाशांतून येऊन एका अरुंद पट्टीच्या आरंभीं, ठरलेल्या वेगानें, ठरलेल्या जागीं चाकें टेकावयाचीं असतात, आणि पट्टी संपण्यापूर्वीं थांबावयाचें असतें. या कामांत जी घाई, जी हयगय किंवा जो हट्ट होतो, त्याचा हिशेब पट्टीच्या दुसऱ्या टोकाशीं द्यावा लागतो.

आमच्या वाशीम जिल्ह्यांत प्रवासी विमानतळ नाहीं. तेव्हां हा विषय आमच्या काय कामाचा, असें कोणी म्हणेल. परंतु शेजारीं अकोल्याजवळ शिवणी येथें धांवपट्टी आहे. अमरावतीजवळील बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचें प्रवासी विमान उडूं लागलें. आणि गोंदियाजवळ बिरसी येथें तरुणांस वैमानिकाची विद्या शिकविण्याची सोय झाली. उद्यां आमच्या मुलामुलींपैकींच कोणी एखाद्या लहान विमानाचें सुकाणू हातीं धरील, तर कोणी त्यांत प्रवासी म्हणून बसेल. शिवाय, या पाठांत जें गणित आहे तें सातवी-आठवीच्या पुस्तकांतलेंच आहे, आणि जी शिकवण आहे ती भूमीवर चालणारासही लागू पडते. म्हणून आम्हीं हा विषय निवडला आहे.

स्थिर उतरण म्हणजे काय?

धांवपट्टीच्या ज्या टोकाकडून विमान येतें, त्या टोकास आपण उंबरठा म्हणूं. या उंबरठ्याकडे विमान एका लांब, सौम्य उतारावरून येतें. हा उतार बहुधा ३ अंशांचा धरतात. म्हणजे सुमारें १९ फूट पुढें गेलें कीं १ फूट खालीं, असें त्याचें मान पडतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं अकोल्यास जातांना पातूरचा घाट पाहिला असेल. जो गाडीवान घाटाच्या माथ्यावरच वेग आवरतो, त्यास पायथ्याशीं धडपड करावी लागत नाहीं. आणि जो वरून भरधांव सुटतो, त्यास शेवटच्या वळणावर कितीही शहाणपण सुचलें तरी त्याचा उपयोग होत नाहीं. विमानाचीही गोष्ट हीच आहे.

उतरण स्थिर केव्हां म्हणावी? विमान पट्टीच्या मध्यरेषेच्या सरळ रोखानें येत आहे. उतार जितका हवा तितकाच आहे. वेग ठरलेला आहे, त्याहून फार अधिकही नाहीं व कमीही नाहीं. चाकें खालीं आहेत. कमी वेगांतही विमानास उचलून धरण्यासाठीं पंखांच्या मागच्या कडेस ज्या फ्लॅप नांवाच्या झडपा असतात, त्या योग्य तितक्या उघडल्या आहेत. आणि वैमानिकास आतां केवळ बारीकसारीक दुरुस्त्या करावयाच्या राहिल्या आहेत. इतक्या सर्व गोष्टी एकाच वेळीं साधल्या म्हणजे उतरण स्थिर झाली. यांतील एकही गोष्ट चुकली असेल तर ती अस्थिर होय. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या जागतिक संस्थेनें सांगितलेला दंडक असा आहे कीं, ढगांतून उपकरणांच्या आधारें येत असतां जमिनीपासून १००० फुटांवर, आणि स्वच्छ दृष्टि असतां ५०० फुटांवर, उतरण स्थिर झालीच पाहिजे. न झाली, तर उतरण्याचा विचार सोडून पुन्हां वर गेलें पाहिजे.

५०० फूट ही उंची ऐकावयास मोठी वाटते. पण वेळेच्या भाषेंत ती किती थोडी आहे पाहा. जगांत ज्यावर हजारों वैमानिक शिकले तें सेस्ना १७२ जातीचें चार आसनांचें विमान घ्या. त्याच्या नव्या प्रतीस आंखूड पट्टीवर उतरतांना सुमारें ६१ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें ११३ किलोमीटर, इतका वेग ठेवावयास सांगितलेला असतो. ३ अंशांच्या उतारावर या वेगानें तें मिनिटास सुमारें ३२० फूट खालीं येतें. म्हणजे ५०० फुटांवरून जमीन गांठण्यास त्यास अवघें दीड मिनिट लागतें. जी घडी बसवावयाची ती त्या दीड मिनिटाच्या आधींच बसली पाहिजे.

अंतराचा हिशेब

याच विमानाच्या माहितीपुस्तकाप्रमाणें, ५० फूट उंचीवरून उंबरठा ओलांडल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत त्यास सुमारें १३३५ फूट, म्हणजे ४०७ मीटर, अंतर लागतें. त्यांपैकीं जमिनीवरची धांव सुमारें ५७५ फूट असते. परंतु हा आंकडा समुद्रसपाटीची थंड हवा, कोरडी व सपाट पट्टी, शांत वारा आणि अचूक वेग या सर्वांवर अवलंबून आहे. यांतील एकेक अट मोडत गेलें म्हणजे काय होतें, तें आतां क्रमानें पाहूं.

पहिली गोष्ट वेगाची. चालत्या वस्तूच्या अंगची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें विद्यार्थी शिकलेच आहेत. वेग १० टक्क्यांनीं वाढला तर ती शक्ति १० नव्हे, २१ टक्क्यांनीं वाढते. आणि ब्रेकांस जिरवावी लागते ती हीच शक्ति. समृद्धी महामार्गावरून आमच्या जिल्ह्यांत शिरणाऱ्या मोटारीसही हाच नियम लागू आहे. विमानाच्या बाबतींत आणखी एक अडचण अशी कीं, वेग जास्त असला तर तें लवकर टेकतच नाहीं. जमिनीच्या हातभर वरून तें तरंगत राहतें. सेकंदास सुमारें ३० मीटर वेगानें असें ५ सेकंद तरंगलें, तर दीडशें मीटर पट्टी पायांखालून निघून गेली, आणि ब्रेकांस अद्याप काम मिळालेलेंच नाहीं.

दुसरी गोष्ट उंचीची. उंबरठ्यावर विमान ५० फुटांऐवजीं १०० फूट उंच असेल, तर ३ अंशांच्या उतारानें तें सुमारें ९५० फूट पुढें जाऊन टेकेल. तेव्हां घाबरून जो वैमानिक नाक खालीं दाबतो, तो उंचीची चूक वेगाच्या चुकीनें दुरुस्त करूं पाहतो. एका सावकाराचें कर्ज दुसऱ्याकडून उसनें काढून फेडावें, तसाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. समोरचा वारा उतरणाऱ्या विमानाचा मित्र असतो, पाठचा वारा शत्रू. वर सांगितलेल्या पुस्तकांत असें दिलें आहे कीं, पाठच्या वाऱ्याच्या दर २ नॉटांमागें अंतर १० टक्के वाढवून धरावें. आणि समोरच्या वाऱ्याचे मात्र ९ नॉट मिळाले तर कोठें १० टक्के अंतर कमी होतें. म्हणजे मित्राची मदत थोडी, शत्रूचा उपद्रव पुष्कळ. पाठीमागून १० नॉट वारा असेल तर १३३५ फुटांचे २००० फूट होतात. लहान धांवपट्टीच्या कडेस खांबावर फडफडणारी कापडी नळी दिसते, ती शोभेसाठीं नसून हा वारा ओळखण्यासाठीं असते.

चौथी गोष्ट पाण्याची. पट्टीवर पाणी सांचलें असतां, विशिष्ट वेगाच्या वर टायर पाण्याच्या थरावर तरंगूं लागतो. मग ब्रेक दाबला तरी चाकाची जमिनीशीं गांठच पडत नाहीं. अमेरिकेंतील नासा संस्थेच्या प्रयोगांतून यासाठीं एक सोपें सूत्र मिळालें आहे. टायरमधील हवेचा दाब चौरस इंचास जितके पौंड असेल, त्याचें वर्गमूळ काढून त्यास ९ नें गुणावें. येईल तो नॉटांतील वेग. दाब ३६ पौंड असेल तर वर्गमूळ ६, आणि वेग ५४ नॉट. लहान विमानांच्या टायरांत दाब थोडा असतो, म्हणून तीं तुलनेनें कमी वेगांतही पाण्यावर घसरूं शकतात, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

पांचवी गोष्ट आम्हां वऱ्हाडवासीयांच्या अगदीं ओळखीची, ती म्हणजे ऊन. हवा तापली म्हणजे विरळ होते. समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंचीवर, वैशाखांत पारा ४५ अंशांवर गेला असतां, वेगदर्शक यंत्र नेहमींचाच आंकडा दाखवीत असतें, परंतु विमानाचा खरा वेग त्याहून सुमारें ७ टक्के अधिक असतो. वैमानिकाची कांहीं चूक नसतांही त्याची शक्ति १४ टक्क्यांनीं वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यांतील दुपारची उतरण सकाळच्या उतरणीहून निराळी समजावी.

या पांचांपैकीं एकेकटी गोष्ट बहुधा निभावून जाते. अपघात होतो तो त्यांच्या बेरजेनें. किंबहुना गुणाकारानें, असेंच म्हणणें अधिक खरें.

आपल्या देशांतील कांहीं प्रसंग

मुंबईची जुहूची भूमि आपल्या विमानविद्येच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आपल्या लहानशा विमानानें तेथेंच उतरले. त्याच जुहूवर २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपान एअर लाइन्सचें मोठें जेट विमान, सांताक्रूझच्या लांब पट्टीऐवजीं चुकून या आंखूड पट्टीवर उतरलें आणि पट्टी ओलांडून पुढें गेलें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं, पण विमान पुन्हां उडण्यालायक राहिलें नाहीं.

लहान विमानाचें अलीकडचें उदाहरण मुंबईचेंच आहे. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं सायंकाळीं विशाखापट्टणहून आलेलें लिअरजेट जातीचें छोटें खाजगी जेट मुसळधार पावसांत उतरतांना पट्टी सोडून बाजूस गेलें व मोडून पडलें. दृष्टि केवळ ७०० मीटरांपर्यंत पोहोंचत होती. आंत सहा प्रवासी व दोन वैमानिक होते, आठहीजण वांचले. ती पट्टी तीन किलोमीटरांहून लांब आहे. लांब पट्टी म्हणजे रक्षणाची हमी नव्हे, हें त्यावरून कळावें.

आतां दोन मोठ्या विमानांच्या कथा सांगितल्या पाहिजेत. कारण त्यांची चौकशी इतकी बारकाईनें झाली आहे कीं, लहान विमानाच्या वैमानिकानेंही त्यांतूनच शिकावें. मंगळूर व कोझिकोड या दोन्ही ठिकाणच्या पट्ट्या टेकडीच्या माथ्यावर बांधलेल्या असून त्यांच्या टोकांशीं खोल उतार आहे. २२ मे २०१० रोजीं दुबईहून मंगळुरास आलेलें विमान फार उंच व फार वेगानें आलें. पुन्हां वर जावें, असें सहवैमानिकानें एकदां नव्हे, तीनदां सुचविलें. मुख्य वैमानिकानें तें मानलें नाहीं. सुमारें ८००० फूट लांबीच्या पट्टीवर विमान ५२०० फूट पुढें जाऊन टेकलें, आणि टोकावरून दरींत गेलें. १६६ जणांपैकीं १५८ प्राणांस मुकले.

दुसरी कथा आमच्या विदर्भाच्या काळजास लागणारी आहे. कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपुरास राहत. हवाई दलाच्या शिक्षणांत मानाची तलवार मिळविलेले, विंग कमांडरच्या हुद्द्यापर्यंत चढलेले, नव्या विमानांची परीक्षा घेण्याचें जोखमीचें काम केलेले असे हे वैमानिक होते. ७ ऑगस्ट २०२० च्या रात्रीं दुबईहून १९० जणांस घेऊन ते भर पावसांत कोझिकोडला आले. पहिल्या प्रयत्नांत उतरणें जमेना, तेव्हां ते योग्य रीतीनें पुन्हां वर गेले. दुसऱ्या प्रयत्नांत ते पट्टीच्या उलट बाजूनें आले. वारा पाठीमागून होता, पट्टी ओली होती. ८८५८ फूट लांबीच्या पट्टीवर विमान ४४३८ फुटांवर, म्हणजे निम्मी पट्टी संपल्यावर, टेकलें. सहवैमानिक अखिलेश कुमार यांनीं वर जाण्याची हांक दिली होती. विमान टोकावरून खालीं कोसळलें व त्याचे तुकडे झाले. २१ जण गेले. त्यांत दोघेही वैमानिक होते.

सरकारच्या चौकशी विभागानें २०२१ च्या सप्टेंबरांत प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, अस्थिर उतरण चालू ठेवणें, सहवैमानिकाच्या हांकेनंतरही वर न जाणें, आणि सहवैमानिकानें स्वतः सुकाणू हातीं न घेणें, हें संभाव्य कारण म्हणून सांगितलें आहे. त्याबरोबरच कांच पुसणारा काटा नीट न चालणें, दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथूनच पुन्हां उड्डाण करावयाचें असणें, अशाही गोष्टी त्या अहवालांत आल्या आहेत. आम्ही हें मृतांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. उलट, एवढ्या गुणी माणसाच्या हातूनही हें घडूं शकतें, हीच या कथेंतील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. जो नियम अशा माणसास आवश्यक होता, तो नवशिक्यास किती आवश्यक असेल!

मनुष्य वर कां जात नाहीं?

पुन्हां वर जाण्यास वैमानिक गो-अराउंड म्हणतात. त्यांत यंत्राची अडचण फार थोडी. इंजिनास पूर्ण शक्ति द्यावी, नाक बेतानें उचलावें, विमान चढूं लागलें म्हणजे फ्लॅप टप्प्याटप्प्यानें मिटावे, एक फेरी घ्यावी, आणि नव्यानें उतरावें. खर्च काय? दहा मिनिटें, आणि थोडें इंधन. तरीही वर सांगितलेल्या संस्थेच्या पाहणीप्रमाणें, मोठ्या विमानांच्या शंभर अस्थिर उतरणींपैकीं सुमारें तीनच वेळां वैमानिक वर जातात; बाकीचे तसेच उतरतात.

आणि खरा धोका तर येथेंच आहे. ते तसेच उतरतात आणि बहुतेक सुखरूप उतरतात. ज्या चुकीची शिक्षा मिळत नाहीं, ती हळूहळू संवय होते. आणि संवय झालेली चूक माणसास चूक वाटेनाशी होते. पाऊस, पाठचा वारा आणि आंखूड पट्टी हीं तिन्ही एके दिवशीं एकत्र भेटतात, तेव्हां जुन्या सर्व चुकांची शिक्षा एकदम होते.

दुसरें कारण घरची ओढ. संध्याकाळीं गांवाकडे वळलेला बैल जसा आपण होऊन पाय उचलतो, तसें पट्टी दिसूं लागली म्हणजे मनुष्याचें मन पुढेंच धांवतें. मागें वळणें त्यास जड जातें. तिसरें कारण लाज. वर गेलों तर लोक काय म्हणतील, नीट उतरतां येत नाहीं म्हणतील काय, ही भीति पुष्कळांस दरीपेक्षां मोठी वाटते.

लहान खाजगी विमानांत हीं कारणें अधिकच बळावतात. पुष्कळदां वैमानिक एकटाच असतो. "वर चला" म्हणणारा कोणी शेजारीं नसतो. पट्टी आंखूड असते. मागच्या आसनावर विमानाचा मालक किंवा कोणी मोठा गृहस्थ बसलेला असतो. त्याची सभा खोळंबलेली असते, लग्नाचा मुहूर्त टळत असतो. तो तोंडानें बोलला नाहीं, तरी त्याचें घड्याळाकडे पाहणें वैमानिकास कळतें.

मग करावें काय? जाणते शिक्षक आपल्या शिष्यांस सांगतात कीं, उतरण्यापूर्वींच पट्टीवर एक खूण मनाशीं धरावी. पहिल्या तिसऱ्या हिश्श्यांतील एखादी. त्या खुणेपर्यंत चाकें टेकलीं नाहींत, तर विचार करीत बसूं नये, वर जावें. निर्णय आधींच घेऊन ठेवलेला असला म्हणजे त्या क्षणीं मनाशीं वाद घालावा लागत नाहीं. हा निर्णय जितका उंचावर घेतला तितका स्वस्त पडतो. चाकें टेकून ब्रेक लागल्यावर, उरलेल्या तुटपुंज्या पट्टींत पुन्हां उडण्याची धडपड करणें हें नवें संकट ओढवून घेणें होय.

पालकांस व विद्यार्थ्यांस विनंति

ज्या पालकांचीं मुलें ही विद्या शिकूं इच्छितात, त्यांनीं संस्था निवडतांना फी व इमारत पाहावी, तशीच आणखी एक चौकशी करावी : येथें पुन्हां वर जाणाऱ्या विद्यार्थ्यास शाबासकी मिळते, कीं टोमणा? जेथें टोमणा मिळत असेल तेथें मूल धाडूं नये. आणि ज्यांस खाजगी विमानांतून प्रवास करण्याचा योग येईल, त्यांनीं वैमानिकास निघण्यापूर्वींच सांगावें कीं, "उशीर झाला तरी चालेल." एवढ्या तीन-चार शब्दांनीं त्याच्या मनावरचा केवढा भार उतरतो!

मुलांनो, सहवैमानिकाची हांक हीही एक विद्या आहे. वडील माणूस चुकत असेल तर नम्रपणें, पण स्पष्ट सांगणें. आणि आपण वडील असूं तेव्हां धाकट्याचें बोलणें ऐकून हात आवरणें. हीं दोन्ही लहानपणापासून अंगीं बाणलीं पाहिजेत. एकदम आकाशांत गेल्यावर तीं येत नाहींत.

सोडविण्यासाठीं उदाहरणें

१. उतरतांना विमानाचा वेग २० टक्के अधिक झाला, तर ब्रेकांस जिरवावयाची शक्ति किती टक्के वाढेल? (उत्तर : ४४.)

२. शांत वाऱ्यांत १३३५ फूट लागणाऱ्या विमानास ६ नॉट पाठचा वारा लाभला, तर वरील नियमाप्रमाणें किती अंतर लागेल? (उत्तर : सुमारें १७३६ फूट.)

३. टायरमधील दाब चौरस इंचास ४९ पौंड आहे. तो टायर कोणत्या वेगास पाण्यावर तरंगूं लागेल? (उत्तर : ६३ नॉट.)

४. तुमच्या रोजच्या जीवनांत अशी कोणती चूक आहे कीं, जी पुष्कळदां निभावून गेल्यामुळें तुम्हांस चूक वाटेनाशी झाली आहे? (याचें उत्तर प्रत्येकानें स्वतःशीं द्यावें.)